वस्तुमान शून्य, तरी धक्का आहेच

माजी विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, १९९३

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे आम्हाला तोंडपाठ होतं. त्यामुळे बारावीच्या पुस्तकात फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या कणाचं, वस्तुमान शून्य आणि लगेच पुढे त्याचा संवेग आला, तेव्हा वर्गात गलका झाला. शून्याला कशानेही गुणा, उत्तर शून्यच!

भौतिकशास्त्राच्या बाईंनी "पुढे डिग्रीला कळेल" म्हणून आम्हाला गप्प केलं नाही. त्यांनी उजवे हात वर करायला लावले. धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडतोय. त्यातलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला हलवतं. हलणाऱ्या प्रभारावर प्रकाशातलं चुंबकीय क्षेत्र बल लावतं. विजेची मोटर याच तत्त्वावर फिरते, हे आम्ही शिकलोच होतो. आता उजव्या हाताच्या नियमाने बलाची दिशा काढा. बल निघालं प्रकाश जातो त्याच दिशेला! मागच्या बाकावरून शंका आली, "पण बाई, क्षेत्र तर सारखं उलटतं, मग धक्काही उलटेल ना?" बाई म्हणाल्या, "चुंबकीय क्षेत्रही त्याच वेळी उलटतं. पुन्हा करून बघ." वर्गभर हात वळले आणि बल पुन्हा पुढेच आलं. या सगळ्यात प्रकाशाचं वस्तुमान कुठे लागलंच नाही.

मॅक्सवेलने १८७३ मध्ये हेच मांडलं होतं: पत्र्याने शोषलेली ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग, एवढा संवेग त्याला मिळतो. वस्तुमान गुणिले वेग हे सूत्र प्रकाशापेक्षा खूप सावकाश जाणाऱ्या, वस्तुमान असलेल्या वस्तूंपुरतं. ऊर्जा, वस्तुमान आणि संवेग जोडणाऱ्या आइन्स्टाइनच्या पूर्ण सूत्रात वस्तुमान शून्य घातलं, तरी संवेग उरतोच.

हा धक्का फार बारीक असतो. पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर आरशावर जेमतेम ९ मायक्रोन्यूटन, म्हणजे साधारण एका मिलिग्रॅमचं वजन. मॉस्कोत भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी निर्वात पात्रात हलक्या पात्या टांगून तो मोजला, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मला आजही त्या प्रयोगाचं अतोनात कौतुक वाटतं.

आमच्या बारावीच्याच वर्षी, जुलै १९९२ मध्ये, भारताचा इन्सॅट-२ए उपग्रह अवकाशात गेला होता. बाईंनी त्याचं चित्र दाखवलं. सौरपट्टी एकाच बाजूला, कारण हवामानाची छायाचित्रं घेणाऱ्या उपकरणाचे संवेदक थंड राहावेत म्हणून दुसरी बाजू मोकळी हवी. पण मग सूर्यप्रकाशाचा धक्का एकाच बाजूला बसणार आणि उपग्रह हळूहळू कलणार. तोल साधायला दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक शीड लावलेलं होतं.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची प्रयोगशाळा नव्याने सजते आहे असं कळलं. तिथल्या भिंतीवर ते चित्र, त्या शिडासकट, जरूर लावावं.