क्यू6600 चारशेच्या एफएसबीवर अडला? आधी जीटीएल बघा

ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवताना, इंटेलचा चार कोअरचा क्यू6600 333 मेगाहर्ट्झच्या एफएसबीवर (प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणारी बस) बहुतेक बोर्डांवर गुमान चालतो. चारशेला अडला की हात पहिला व्हीकोअरकडे, म्हणजे कोअरच्या व्होल्टेजकडे जातो. ठाण्यात मे महिन्यात पंख्याखालची खोलीही 33-34 अंशांवर असते, त्यात व्हीकोअर चढवला की जी0 स्टेपिंगची (या प्रोसेसरची एक आवृत्ती) 71 अंशांची केस-मर्यादा, म्हणजे झाकणाच्या तापमानाची मर्यादा, लगेच गाठली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

म्हणून आधी दोष वेगळा काढा. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे एफएसबीला ज्याने गुणून कोअरचा वेग ठरतो तो आकडा, 9 वरून 6 वर आणा. 6 गुणिले 400 म्हणजे मूळचेच 2.4 गिगाहर्ट्झ, ताण फक्त बसवर. एफएसबी आणि रॅमचं गुणोत्तर 1:1 ठेवा, म्हणजे डीडीआर2-800 तिच्या ठरलेल्या वेगावरच राहते. पीसीआय एक्स्प्रेस 100 वर लॉक, वीज वाचवायला वेग उतरवणारे सी1ई आणि स्पीडस्टेप बंद. मग प्राइम95 या ताण देणाऱ्या प्रोग्रॅमची ब्लेंड चाचणी लावा.

दर वेळी वेगळाच वर्कर (एकेका कोअरवर चालणारा चाचणीचा भाग) चूक दाखवून पडत असेल तर नॉर्थब्रिज (प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली चिप) किंवा रॅम तपासा. नॉर्थब्रिजच्या हीटसिंकला बोट लावून बघा. चटका बसत असेल तर 80 मिलिमीटरचा पंखा बांधा, अर्धी कटकट तिथेच मिटते. पण तोच एक वर्कर पुन्हापुन्हा पडत असेल तर मामला जीटीएल रेफरन्सचा असण्याची शक्यता मोठी.

बसच्या तारेवर आलेला व्होल्टेज 0 मानायचा की 1, हे प्रोसेसर एका उंबरठ्याशी ताडून ठरवतो. तोच हा रेफरन्स. बोर्डानुसार तो व्हीटीटीच्या, म्हणजे बसच्या व्होल्टेजच्या, 0.63 ते 0.67 पट असतो, व्हीटीटी 1.20 असेल तर 0.756 ते 0.804 व्होल्ट. वेग वाढला की सिग्नल पुरता वर चढायच्या आत पुढचा येतो, त्याचा मध्य सरकतो, उंबरठा मात्र जागेवरच. मग एका बाजूला जागा उरते, दुसऱ्या बाजूला वाचनं चुकतात.

क्यू6600 मध्ये दोन-दोन कोअरचे दोन डाय (सिलिकॉनचे तुकडे) आहेत, त्यामुळे चांगल्या बोर्डांवर जीटीएलही डायनुसार वेगळे मिळतात. कुठले दोन कोअर एका डायवर, ते कोअरइन्फो या प्रोग्रॅमच्या एल2 कॅशच्या नकाशात दिसतं. फक्त पडणाऱ्या डायचा जीटीएल एक पायरी हलवा आणि किती मिनिटं टिकला ते वहीत लिहा. 4 मिनिटांचे 25 झाले तर त्याच दिशेने पुढे, कमी झाले तर उलट्या दिशेने. एका वेळी एकच आकडा बदलायचा, यात सूट नाही.

व्हीटीटी वाढवला की पटीत दिलेला जीटीएलही सोबत वर जातो, मग ही मोजणी पुन्हा करावी लागते. म्हणून व्हीटीटी आधी ठरवा, 1.40 च्या वर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. बोर्ड सुरूच झाला नाही तर वीज काढून त्यावरचा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर येतात. बायोसच्या पडद्याचे फोटो त्याआधीच काढलेले असू द्यात.