ऊसतोडीच्या दिवसांतल्या घरभेटी

दिवाळी झाली की बीड-धाराशिवकडची कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापाशी उरते ती म्हातारी, नाहीतर शाळकरी नात. घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या टीमच्या भेटींचा तक्ता तेव्हाच बदलायला हवा: जिथं कूस बदलायला दुसरे हात नाहीत, तिथल्या भेटी आधी वाढवा.

पडून राहून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून ‘दर 2 तासांनी वळवा’ एवढं सांगून भागत नाही. म्हातारीला घड्याळ कळत नसेल, तर चहा, भाकरी, दिवेलागण अशा खुणांना वेळा बांधून द्या. पोटरीखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवा. टाच अधांतरी राहिली पाहिजे. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. पांढरा न पडता लालच राहिला, तर ती जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून तिथं हात लावून ऊब आणि कडकपणा बघा. घरचे मायेनं तेल लावून चोळतात; त्यानं आतलं मांस आणखी दुखावतं, हे नर्सनं प्रत्येक घरी सांगायलाच हवं.

लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता, बाजेच्या कडेला बांधा. आणि पू झालेल्या जखमेचं घर दिवसात सगळ्यात शेवटी घ्या, म्हणजे तिथले जंतू दुसऱ्या घरी जाणार नाहीत.