मी बदलून सांगितलेले वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यापासून फोंड्याजवळच्या माझ्या घरी मी बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवतो. बँकेत बदली होऊन आलेले अधिकारी, लग्न होऊन गोव्यात आलेल्या मुली, क्वचित एखादा संशोधक असे माझे विद्यार्थी असतात. गेल्या वर्षी जूनच्या आरंभी आलेले विद्यार्थी मात्र पोलंडचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत त्यांच्या संस्थेच्या घरी राहून दोन वर्षांत त्यांना फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ मुळातून वाचायचे होते. आठवड्यातून दोनदा ते मडगावहून बसने बोरीचा पूल ओलांडून येत आणि दीड तास शिकून परत जात. पाद्र्याला घरी बसवून शिकवतो म्हणून आमच्या नात्यातल्या दोघा-तिघांनी मला बोल लावला होता. भाषा शिकायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणे मला कधीच जमलेले नाही, आणि ज्यांना ते जमते त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

असा विद्यार्थी मला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. इंग्रजीच्या आधाराने मराठी शिकणारा माणूस ‘ते झाड, ती वेल, तो वृक्ष’ येथेच थकतो. फादरांच्या मातृभाषेतही तीन लिंगे असल्यामुळे त्यांना त्याचे नवल वाटले नाही. विभक्तींची नावे ऐकून ते उलट खूश झाले, कारण पोलिशमध्ये सात आहेत. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतला भेद त्यांच्याकडेही क्रियापदात दिसतो. ‘तो आपले पुस्तक वाचतो’ आणि ‘तो त्याचे पुस्तक वाचतो’ यांतला फरक हिंदी-मराठी घरांत वाढलेली मुलेसुद्धा आता विसरू लागली आहेत. फादरांनी तो एका दमात सांगितला, कारण ‘आपला’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द त्यांच्याकडे आहे. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च, ‘जीव’मधला ज आणि ‘जागा’मधला ज यांसाठी मी पहिल्या महिन्यात तीन तास राखून ठेवले होते, ते अर्ध्या तासात आटोपले. अडले ते महाप्राणांवर. काठ आणि काट, खार आणि कार त्यांना कितीतरी दिवस एकच ऐकू येत. दुसरी अडचण कर्मणी प्रयोगाची होती. ‘मी जेवलो’ म्हणायचे, पण ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणायचे. पोट त्याच माणसाचे भरले तरी एकदा क्रियापद माणसाकडे पाहते आणि एकदा भाकरीकडे. हे त्यांनी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बाजारात मिळणारी ‘तीस दिवसांत मराठी’ छापाची पुस्तके या प्रयोगाला अर्धे पान देतात, आणि म्हणूनच ती वाचून आलेल्यांचे बोलणे वर्षभर मोडके राहते.

क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे, म्हणजे आमच्या जुन्या लोकांच्या रायतूरला, रोमी लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. फादरांकडे १९०७ च्या मंगळूर आवृत्तीची छायाप्रत होती. पोर्तुगीज वळणाने ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर येते. मूर्धन्य वर्ण दाखवायला अक्षर दुप्पट लिहितात, ही स्टीफन्स यांचीच युक्ती. प्रत्येक ओवी आधी देवनागरीत उतरवून घ्यायची, मग तिचा अन्वय लावायचा आणि मग ती मोठ्याने म्हणायची, असा आमचा क्रम होता. हे पुराण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. त्यातली मराठी भाषेची स्तुती करणारी ओवी दर २७ फेब्रुवारीला प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येते. ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढचे पान उलटले असेल, हा प्रश्न मला दरवर्षी अस्वस्थ करतो.

माझ्या वर्गाचा एक नियम होता: दीड तास फक्त मराठी बोलायची. आमच्या घरची बोली कोकणी आहे. पोथी, पत्र आणि वर्तमानपत्र मराठीत, बाकी सगळे कोकणीत, असेच आम्ही वाढलो. परंतु दोन सख्ख्या भाषा एकाच वेळी कानावर पडल्या तर शिकणाऱ्याची दोन्हीकडची रूपे बिघडतात असे माझे मत होते, आणि फादरांना मी कोकणीचा एक शब्दही शिकवला नव्हता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना तासाऐवजी जेवायला बोलावले. गणपतीवर बांधलेली माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट, पाहून ते दारातच थांबले. सुपारीचा घड, तोरिंगे, आंबाडे, चिबूड, कवंडळ, माट्टीची फळे, कुड्याच्या शेंगा, प्रत्येकाचे नाव त्यांनी विचारले. नारळाशी येऊन मात्र तेच बोलू लागले. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि चार वर्षांनी त्यांनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात या एका झाडापासून तेल, माडी, गूळ, शिर्का आणि काथ्याचे दोर कसे मिळतात, करवंटीचा कोळसा लोहाराला कसा उपयोगी पडतो, हे बारकाईने लिहिले आहे. इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असेही त्याच पत्रात आहे. ‘‘सर, नारळाकडे असा पाहणारा माणूस परत जायचा नसतो,’’ फादर म्हणाले. स्टीफन्स परत गेले नाहीत. १६१९ साली गोव्यातच वारले. हे सांगताना फादरांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते त्यांचे स्वतःचेही होते, हे मला त्या क्षणी कळले. मडगावच्या बाजारात आता कोण त्यांना हाक मारते, बसमध्ये कंडक्टर कोणती जागा राखतो, हे ते अधूनमधून सांगत असत. मी ते संभाषणाचा सराव म्हणून ऐकत असे आणि क्रियापदे दुरुस्त करत असे.

जेवणाआधी आईने त्यांना काहीतरी वाचायला सांगितले. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून रोज संध्याकाळी श्रीधरस्वामींची पोथी वाचते. फादरांनी आम्ही त्या आठवड्यात लावलेल्या, पहिल्याच अवस्वरूतल्या, म्हणजे अध्यायातल्या, ओव्या म्हटल्या. सासष्टीतला एक ब्राह्मण पाद्र्याला सांगतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही. असा तो प्रसंग आहे. चरण बरोबर पडत होते, तिसऱ्या यमकावर आवाज नेमका टेकत होता आणि आई तिच्या सवयीने मान डोलवत होती. ओव्या संपल्यावर तिने हे कोणी लिहिले ते विचारले आणि मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली.

आमचे कुलदैवत मंगेश. सासष्टीतली देवळे पोर्तुगिजांनी पाडायला घेतली तेव्हा कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून देव रातोरात अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याच्या भागात, आणला, ही गोष्ट आम्हां सर्वांना जेवणाच्या पाटावर ऐकायला मिळालेली आहे. आईने फादरांकडे पाहून विचारले, ‘‘आमचो देव हांगा हाडलो तेन्ना हो पाद्री थंय आशिल्लो?’’ आमचा देव इथे आणला तेव्हा हा पाद्री तिथे होता का, असा तो प्रश्न होता.

आणि मी, भाषेचा शिक्षक, ते वाक्य बदलले. चवथीच्या सणात पाहुण्याला असा प्रश्न जायला नको, एवढेच माझ्या मनात होते. मी म्हणालो, ‘‘आई विचारते आहे की हे काव्य कोणत्या काळातले आहे.’’

फादरांनी माझ्याकडे पाहिले. मग ते आईकडे वळले आणि कोकणीत म्हणाले, ‘‘ना, आजये. देव आदींच हांगा आयिल्लो. तो पाद्री उपरांत आयलो. पूण देवळां मोडलीं हें ताका खबर आशिल्लें.’’ देव आधीच इथे आला होता, तो पाद्री नंतर आला, पण देवळे मोडली हे त्याला माहीत होते, असे ते उत्तर होते.

उच्चार स्वच्छ होता. ज्या महाप्राणांसाठी मी महिनोन्‌महिने झगडत होतो, त्यांतला ‘खबर’मधला ख माझ्या देखत बरोबर पडला. आईने मान हलवली, उठली आणि त्यांच्या पानात खतखते वाढले. जेवताना ती त्यांच्याशी कोकणीतच बोलली. त्यांची आई हयात आहे का, त्यांच्या गावी बर्फ किती महिने असते, इथला उकाडा सोसतो का, हे सगळे तिने विचारून घेतले. मी तीन महिन्यांत यातले काहीही विचारले नव्हते.

त्यांना बसपर्यंत पोहोचवायला गेलो तेव्हा मी विचारले की कोकणी कुठे शिकलात. त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून, ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मला वाईट वाटेल म्हणून सांगितले नव्हते. स्टीफन्स यांनीही पुराण मराठीत आणि व्याकरण इथल्या बोलीचे लिहिले, याची आठवण त्यांनी मला करून दिली. ते व्याकरण १६४० साली राशोललाच छापले गेले, हे मीच त्यांना दुसऱ्या तासाला सांगितले होते. माझ्या बदललेल्या वाक्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

आई बोलली. तिला मराठी माझ्याइतकीच कळते, हे त्या क्षणी मी विसरलो होतो. रात्री आरती झाल्यावर तिने विचारले, ‘‘म्हजें उतर तुवें कित्याक बदललें?’’ पाहुण्यांचा मान, सणाचा दिवस, असे काहीतरी मी सांगू लागलो, पण तिने ऐकून घेतले नाही. तिला जे विचारायचे होते त्याचे उत्तर तिला मिळाले होते, आणि ते देणारा माणूस तिला आवडला होता. मी मध्ये का आलो, एवढेच तिला कळत नव्हते.

आता तासाला आईही ओसरीवर येऊन बसते आणि वर्गाचा नियम मी सोडून दिला आहे. एखादा शब्द अडला की फादर आधी तिच्याकडे पाहतात. गेल्या आठवड्यात एका ओवीच्या अन्वयावर दोघांचे एकमत झाले आणि माझे झाले नाही. मी घरातले जुने कोश काढून पाहिले, तर अर्थ त्यांचाच बरोबर निघाला.