काळी ढाल, पांढरी तिफण

औसा तालुक्यात आमच्या गावाला नवीन घर बांधलं, आणि दारावर काय लावायचं ह्याचाच विचार मी जवळजवळ वर्षभर करत होतो. आमच्याकडं घरावर 'मातृछाया' नाहीतर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहितात, ते चांगलंच आहे, पण मला घराचं एक चिन्ह पाहिजे होतं, कोट ऑफ आर्म्स म्हणतात तसं, जे बघून कुणी विचारलं की हे काय, तर सांगायला आपल्याजवळ काहीतरी असेल.

पहिल्यांदा सगळे काढतात तेच काढलं. सिंह, दोन तलवारी, वर मुकुट. पुतण्यानं मोबाईलवर मस्त करून दिलं. पण आमच्या घरात तलवार कधी कुणाच्या हातात नव्हती आणि सिंहाचा तर संबंधच नाही, म्हणून ते ठेवून दिलं अन् मग नीट वाचायला लागलो.

युरोपात ही पद्धत १२व्या शतकात वाढली. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला माणूस लांबून ओळखू येत नाही, तर ढालीवर आणि झेंड्यावर ठळक खूण पाहिजे. म्हणून रंगांचा एक साधा नियम आहे: पिवळा आणि पांढरा हे धातू, म्हणजे सोनं-चांदी, आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा अशा ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक नंतर लिहिलेल्या आहेत, मूळ काम नजरेत भरायचं. आणि पुष्कळ चिन्हं तर सरळ आडनावावरची कोटी असतात, ब्रिटनच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं माहेरचं आडनाव बोज-लायन, तर त्यांच्या ढालीवर धनुष्यं आणि सिंह! हे वाचल्यावर मला खूप मोकळं वाटलं, म्हणजे अर्थ पुस्तकात शोधायचा नाही, तो घरातून आणायचा.

आणि लांब कशाला जायचं. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्या आसफजाही झेंड्यावरचा गोल म्हणजे कुलचा, रोटी. पहिल्या निजामाला एका अवलियानं कुलचे खायला दिले, त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला अशी कथा सांगतात. झेंड्यावर रोटी चालते तर माझ्या दारावर शेतातली वस्तू का नाही? आणि आपलं देवक तरी दुसरं काय आहे. आमचं देवक पंचपल्लव, पाच झाडांच्या डहाळ्या, लग्नात त्याची पूजा झाल्याशिवाय पान हलत नाही. खरं तर देवक हे आपलं कुलचिन्हच, फक्त आपण ते कधी ढालीवर काढलं नाही.

तर मी तिफण घेतली.

त्याचं कारण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं नुकतीच झोपली होती. आमचं घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद, ते सगळं बसलं. आम्ही वाचलो, आजी गेली. घरातलं भांडं सुद्धा धड निघालं नाही, पण तिफण शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली होती ती तशीच राहिली. मग पत्र्याच्या शेडमधी राहत असताना बापूंनी त्याच तिफणीनं ज्वारी पेरली, उशिरानं, पण पेरली. मी नऊ वर्षांचा होतो, बांधावर बसून बघत होतो. बाभळीची तिफण, खाली तीन फण, प्रत्येकाला एक नळी आणि वर चाडं, लाकडी वाटीच असते ती, तिला तीन भोकं. माय चाड्यावर मूठ धरून मागं मागं चालत होती. तिन्ही नळ्यांत सारखं बी पडलं पाहिजे, एकीकडं जास्त गेलं की ती ओळ दाट होते आणि दुसरी विरळ, अन् हे सगळं बोटांच्या अंदाजानं. त्या दिवशी ती रडत होती पण मूठ हलली नाही.

म्हणून काळी ढाल, आमची रानं काळी आहेत. त्यावर पांढरी तिफण, धातू रंगावर, नियमात बसतं. वरच्या बाजूला पंचपल्लवाची पाच पानं. तिकडं ढालीच्या वर शिरस्त्राण काढतात, त्या जागी आजोबांचा पटका आणि त्यावर पावशा पक्षी, कारण खाली ब्रीदवाक्य त्याचंच आहे, 'पेरते व्हा'. पावसाच्या तोंडावर तो ओरडतो ते आपल्याकडं असंच ऐकू येतं.

जुन्या घराच्या भिंतीतले चार दगड बापूंनी गोठ्याच्या पायरीला लावले होते, त्यातला एक चिन्ह कोरायला काढला. पाथरवट म्हणाला पावशाची इतकी बारीक शेपटी काळ्या दगडात टिकणार नाही, तुटंल, मी जाड करतो. पुतण्याचं चित्र वेगळं आणि दगडातलं वेगळं झालं, पण तिकडची पद्धतही अशीच आहे, चिन्ह शब्दांत ठरतं, 'काळ्यावर पांढरी तिफण', मग काढणारा त्याच्या हातानं काढतो अन् दोन्ही खरंच असतात.

दगड बसवायच्या आदल्या दिवशी मायला दाखवायला आणलं. तिनं चष्मा पुसला, तिफणीवरून बोट फिरवलं, तिन्ही नळ्या मोजल्या, चाड्यापाशी थांबली.

"मूठ कुठाय रं?"

मी म्हटलं मूठ कशाला, चिन्ह आहे.

"बिगर मुठीचं बी आपसूक पडतंय व्हय?"

पाथरवटाला परत बोलावलं. चाड्यावर जागा होती तेवढ्यात त्यानं मूठ कोरली, चार बोटं, वर अंगठा. माय शेजारी पायरीवर बसून होती, मधीच म्हणाली, बाईचा हात हाय, काकणं काढ. त्यानं मनगटावर दोन रेघा ओढल्या, त्यात पांढरा रंग भरायचा राहिलाय, उद्या भरतो.