रूट असून परमिशन डिनाइड! दोन रात्री घालवल्या राव

बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री, तिथलं कॉम्प्युटरचं जे काय असेल ते माझ्याच गळ्यात. ड्रॉइंगच्या फाइली रोज रात्री ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची फाइल) मी लिहिली होती, माझ्या लॉगिनवरनं कित्येक महिने बिनबोभाट चालली. मग अण्णा म्हणाले, हिशोबाचा डेटाबेस पण त्यातच घे की. त्याचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची कॉपी, आमच्याकडं रूटशिवाय (मशीनवरचा सगळे अधिकार असलेला युजर) निघत नाही, म्हणून अख्खी स्क्रिप्ट उचलून रूटच्या क्रॉनटॅबमध्ये टाकली, म्हणजे क्रॉन ठरल्या वेळी आपोआप चालवतं त्या कामांच्या यादीत. सकाळी बघतो तर बॅकअप नाही, एररही नाही.

क्रॉन एरर मेलने पाठवतं आणि मशीनवर मेलची सोयच नसेल तर ती हवेत जाते. त्यामुळं आउटपुट आधी लॉग फाइलमध्ये वळवा. लॉग लावल्यावर फुटकळ चुका दिसल्या, टिल्डा (~, म्हणजे होम फोल्डर) लिहिलं की रूटसाठी ते माझं होम नसतंय, रूटचं स्वतःचं असतंय, आणि क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा. पूर्ण पत्ते लिहिले, संपलं.

खरा ताप पुढं. फाइली कॉपी करणारी कमांड आरसिंक, ती म्हणतेय परमिशन डिनाइड. अरे, रूटला? हूअॅमआय मारलं तर रूटच. रूट म्हणून त्या फोल्डरला सातशे सत्त्याहत्तर (सगळ्यांना सगळी परवानगी) द्यायला गेलो तर ऑपरेशन नॉट परमिटेड. लॉगआउट करून माझ्या साध्या लॉगिनवरनं टच केलं तर फाइल लगेच तयार! इथं माझं डोकंच फिरलं. डिस्क रीड ओन्ली झाली काय बघितलं, फाइल बदलू न देणारं इम्यूटेबल अॅट्रिब्यूट बघितलं, प्रोग्रामांवर बंधनं घालणाऱ्या अॅपआर्मरला शिव्या घातल्या, मशीन तीनदा रीस्टार्ट केलं, त्यात मध्येच लाइट गेली. रात्री दीड वाजता घरी गेलो तर आई म्हणाली, नोकरी करतोस की चोरी?

दुसऱ्या रात्री निपाणीच्या मित्राला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "ते फोल्डर तुझ्याच डिस्कवर आहे काय की नेटवर्कवरचं?" माउंट कमांड मारली, एनएफएस निघालं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरनं आपल्याकडं जोडलेलं. तो हसायलाच लागला. एनएफएसचा सर्व्हर समोरून आलेल्या रूटला रूट मानतच नाही, त्याला नोबडी (काहीच अधिकार नसलेला युजर) करून टाकतो, रूट स्क्वॉश म्हणतात त्याला. इथला पाटील महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून पलीकडं गेला की त्याला कोण विचारतंय, तसलंच. आणि माझं लॉगिन चालत होतं कारण एनएफएस नाव नाही, नंबर बघतं, आणि माझा युजर नंबर दोन्ही मशीनवर १०००.

मला राग याचा येतोय की सर्व्हरवरची एक्स्पोर्ट्स फाइल (कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं ते त्यात असतंय) मी वाचली तर त्यात रूट स्क्वॉश हा शब्दच नव्हता! डीफॉल्टच ते आहे, न लिहिताही लागू. मग कळणार कसं माणसाला?

नो रूट स्क्वॉश लिहून मोकळं व्हा असं बरेच जण सांगतील, करू नका. मग त्या शेअरवर (नेटवर्कवरच्या फोल्डरवर) तो जोडणाऱ्या कुठल्याही मशीनचा रूट वाटेल ते करू शकतोय. मी स्क्रिप्टचे दोन तुकडे केले. डंप रूट काढतो आणि लोकल डिस्कवर ठेवतो, मालक बदलणाऱ्या चाऊन कमांडनं फाइल माझ्या नावावर होते, मग आरसिंक फक्त रनयूजर लावून माझ्या नावानं चालतं. रनयूजर रूटकडनं चालवलं की पासवर्ड विचारत नाही, त्यामुळं क्रॉनमध्ये अडत नाही. पहिल्याच रात्री बॅकअप नीट झाला, अण्णांकडनं कुंदा वसूल केला.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आयडी कमांड टाकून ठेवा, कोण म्हणून चाललंय ते लॉगमध्ये दिसतंय. हां, आणि एक राहिलंच, आरसिंकच्या आधी शेअर जोडलेला आहे काय ते माउंटपॉइंट कमांडनं तपासा. लाइट जाऊन आली आणि शेअर माउंटच झाला नसेल तर फाइली त्याच नावाच्या लोकल फोल्डरमध्ये पडत राहतात. आमची डिस्क एकदा अशीच भरलीय, ते अण्णांना अजून सांगितलेलं नाही.