सड्यापासून पंधरा मीटर वर

फिरायला निघालेली ओळखीची माणसं मला फोन करून विचारतात, "तुझ्यासारखा छोटा ड्रोन घ्यावा का गं आम्हीपण?" बहुतेकांना मी नको म्हणते. माझा डीजेआय कंपनीचा मिनी 2 आहे, 2021 मध्ये घेतलेला. तो कोकणात फिरला, देशावर फिरला, एकदा हिमाचलातही जाऊन आला. त्यातली समुद्रकिनाऱ्यांची सगळी चित्रणं एका हार्ड डिस्कवर आहेत आणि मी ती पुन्हा उघडलेली नाहीत. उंचीवरून पाहिलं की आरे-वारे काय आणि दिवेआगर काय, निळं पाणी, पांढरी फेसाची रेघ, सुरूची झाडं. किनाऱ्यावर वाळू पायाला कशी लागते, मासळीचा वास कुठून येतो, कोण कुणाला हाका मारतंय, यातलं काहीच त्यात उतरत नाही. चार दिवसांच्या सहलीसाठी एवढे पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

तरी माझा ड्रोन मी विकणार नाही. त्याचं कारण राजापूर तालुक्यातला एक सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे.

रात्रीच्या कोकणकन्येने रत्नागिरी गाठली. तिथून पावस, पूर्णगड करत किनाऱ्याच्या रस्त्याने आडिवऱ्याला. उतरलो ते घर साधं होतं, पंखा रात्रभर कुरकुरत होता, पण सकाळी साडेपाचला न मागता चहा समोर आला आणि परत आल्यावर गरम घावणे. मोठ्या रिसॉर्टमध्ये नाश्त्याची वेळ आठ ते दहा असते, आणि कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली चित्रं, बघायला निघालेल्या माणसाला ती कधीच जमत नाही. ज्यांना सूर्य उगवायच्या आधी सड्यावर पोचायचंय त्यांनी घरगुतीच जागा शोधावी.

हा सडा जांभ्या दगडाचा, उघडा. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं, उन्हाळ्यात नुसता तापलेला तांबूस-काळा दगड. सावलीला झाड नाही. या कातळावर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली आहेत. अभ्यासक त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगावचे सडे पायी तुडवत, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत फिरले, म्हणून आज आपल्याला उक्षी, जांभरूण, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ ही नावं माहीत आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चित्रांमध्ये हत्ती, वाघ, शार्क, पाकट (लांब शेपटीचा चपटा मासा) आहेतच, शिवाय आज कोकणात कुठेही नसलेला गेंडा आणि पाणघोडाही आहे.

कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब आहे. कशेळी म्हटलं की लोक कनकादित्याच्या देवळात जातात, ते सुंदर आहेच, पण या हत्तीसाठी वेगळी सकाळ काढावी. त्याच्या कडेला उभं राहिलं की हत्ती दिसत नाही. दिसते एक रेघ, मग दुसरी रेघ, मग आत कोरलेला एखादा छोटा प्राणी, मग आणखी एक. चालत चालत सोंडेपर्यंत जायचं, परत पायापर्यंत यायचं आणि सगळं डोक्यात जुळवायचं. मी तिथे बराच वेळ घालवला. ज्यांनी हा कोरला त्यांनाही तो पूर्ण कधी दिसला नसणार, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. शिडी नाही, उंच झाड नाही, टेकडी नाही, आणि तरी प्रमाण कुठेही चुकलेलं नाही. तिथे मी ड्रोन पिशवीतून काढला नाही. संरक्षित किंवा कुंपण घातलेल्या ठिकाणी लेखी परवानगीशिवाय मी उडवत नाही.

उडवला तो पुढच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. त्या सड्याला अजून कुंपण नाही, आणि दुसऱ्या एका ठिकाणी कुणीतरी फोटो नीट यावा म्हणून चित्राच्या रेघा चुन्याने गिरवलेल्या मी पाहिल्या आहेत. फार संताप आला होता. जे ऊन-पावसाने इतकी वर्षं झिजवूनही पुसलं गेलं नाही त्यावर ब्रश फिरवायचा अधिकार कुणालाही नाही.

सडा एका आजोबांच्या मालकीचा. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन विचारलं तर म्हणाले, "उडव की. पण आधी सांग, आवाजानं गुरं बुजतील काय?" गुरं सोडायच्या आधी काम आटपायचं ठरलं. सकाळी ते काठी घेऊन आणि आजी डोक्याला पदर गुंडाळून, दोघंही आले.

जांभ्यात लोह भरपूर. ड्रोन थेट कातळावर ठेवला की होकायंत्र पुन्हा जुळवा असा इशारा येतो, म्हणून आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवून त्यावरून उड्डाण केलं. पाच मीटरवर स्क्रीनवर नुसते दगड. दहा मीटरवर दोन वाकड्या रेघा आणि आजोबांनी सांगितलेले "पांडवांचे पाय". पंधरा मीटरवर कॅमेरा सरळ खाली केला आणि सगळ्या रेघा एकदम एकमेकींना येऊन मिळाल्या. चौकोनी पसरट अंग, दोन बाजूंना पंखासारखे कल्ले, आणि जिला सगळे कातळाची भेग समजत होते ती लांबच लांब शेपटी. सूर्य नुकताच वर आलेला, त्यामुळे प्रत्येक खाचेत सावली भरलेली. हीच वेळ लागते. नऊनंतर ऊन वरून पडायला लागलं की खाच आणि कातळ एकाच रंगाचे होतात.

मी फोन आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तळहाताने उन्हाला आडोसा केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पाकट हाय." त्यांचे वडील मासेमारीला जायचे, पाकट त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. "एवढी वर्सं आमी याच्यावर भात झोडतो, गवात सुकवतो. आमाला नाय दिसला."

मग त्यांनी फोन आजीकडे दिला आणि स्वतः काठी टेकत चित्राकडे निघाले. त्यांना शेपटीच्या टोकाशी जाऊन उभं राहायचं होतं, आणि जमिनीवरून टोक सापडत नव्हतं. आजी स्क्रीनवर बघत होत्या. त्यात सड्यावर एक पांढरी टोपी हळूहळू सरकत होती. "अवो, डावीकडं! तुमी पोटात शिरलाव! मागं या, मागं!" वर ड्रोनची घरघर, खाली आजींचा आवाज, आणि आजोबा त्या सांगतील तसे वळत होते. शेवटी टोकावर पोचले तेव्हा आजी एवढ्या मोठ्याने "हां, थितंच!" म्हणाल्या की सड्याच्या कडेच्या टिटव्या उठल्या. आजोबांनी काठी तिथे टेकवली आणि वर ड्रोनकडे बघून हात केला. तो फोटो माझ्याकडे आहे. माझ्या सगळ्या प्रवासातला तोच मला सगळ्यांत जास्त आवडतो.

त्यानंतर दोघांची अदलाबदल झाली. आजी कल्ल्यावर, आजोबा स्क्रीनवर. बॅटरी संपत आली म्हणून उतरवावा लागला, नाहीतर ते थांबले नसते. जाता जाता आजोबांनी कातळावर रचलेली गवताची गंज दाखवली, ती नेमकी एका कल्ल्यावर होती. "ही आजच हलवतो," म्हणाले, आणि दुपारी खरंच हलवली.

हे सगळं घडलं ते पंधरा मीटरवर. ड्रोन घेताना जाहिरातीत 10 किलोमीटरचा पल्ला वाचला होता. तो मला कधीच लागला नाही, आणि आपल्याकडे ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो, त्यामुळे लागायलाही नको. 18 मीटरचं चित्र फोटोत पूर्ण मावायला या कॅमेऱ्याला चौदा-पंधरा मीटर उंची पुरते. म्हणून जे माझ्याकडून मत मागतात त्यांना मी उलट विचारते, तुम्हाला बघायचंय ते आडवं पसरलेलं आहे का, आणि ते जमिनीवरून दिसत नाही का? शेतीचे बांध, खाजणाची जमीन, खाडीतले वाळूचे पट्टे, जुन्या गावाची मोडकी जोती, कातळशिल्पं, असं काही तुमच्या आयुष्याशी जोडलेलं असेल तर छोटा ड्रोन पैसे वसूल करतो. किल्ल्याभोवती गोल फेरी मारायला घेऊ नका.

249 ग्रॅमचं वजन हाच याचा गुण, आणि कोकणात तोच दोष. पाण्याची बाटली, टोपी, डबा यांच्यासोबत तो पाठपिशवीत मावतो आणि तासभर चालताना खांद्याला कळत नाही. पण दहा वाजले की समुद्रावरून वारा चढतो. कंपनी म्हणते सेकंदाला 8.5 ते 10.5 मीटर वाऱ्यात टिकतो. टिकतो हे खरं, पण जागेवर थांबायला झगडत राहतो, बॅटरी भराभर उतरते, आणि सड्याच्या कड्यापाशी वारा दरीतून वर उसळतो तिथे मी तो नेतच नाही. उड्डाणाची 31 मिनिटं ही कागदावरची, वारा नसताना मोजलेली. चांगल्या दिवसांतही मी वीस मिनिटांतच उतरवायचे. आता बॅटऱ्या जुन्या झाल्यात, पंधराव्या मिनिटालाच हात उतरवायच्या बटणाकडे जातो. समोर अडथळा ओळखणारे सेन्सर यात नाहीत, त्यामुळे माडांच्या वाडीत उडवणं म्हणजे सतत धाकधूक. कॅमेरा उजेडात उत्तम, पण पहाटेच्या अंधुक प्रकाशात चित्रावर दाणे उमटतात.

खरी तक्रार दुरुस्तीची आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात बंद केली. देशात हा उद्योग उभा राहावा हा हेतू मला पटतो, सुट्या भागांवर बंदीही नाही. पण माझ्या हातातल्या यंत्राला मान्यताप्राप्त म्हणावी अशी दुरुस्तीची जागा मला जवळपास सापडली नाही. कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या गिंबलची केसासारखी पट्टी खाऱ्या हवेत खराब झाली, तेव्हा एका दुकानदाराने ड्रोन कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका माणसाने माझ्यासमोर अर्ध्या तासात ती बदलली. नवी बॅटरी घ्यायची तर ती खरी की नक्कल हे कळायला मार्ग नाही. आज दुकानात कुणी तुम्हाला नवाकोरा मिनी दाखवला तर तो आत कसा आला, बिल मिळेल का, हे आधी विचारा. मी आज नव्याने घेणार असते तर याच एका मुद्द्यावर थांबले असते.

नियमही नीट वाचा. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरून कुठेही उडवायला मोकळीक आहे असं लोक समजतात. पण 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावरचे लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे नॅनोलाही लागू आहेत. हिरव्या भागात 400 फूट उंचीपर्यंत उडवता येतं, पण विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूटच. रत्नागिरीला विमानतळ आहे, तेव्हा शहराच्या आसपास आधी नकाशा. आणि नकाशात नसलेलीही एक गोष्ट, कड्यांवर पक्ष्यांची घरटी असतात. घार ड्रोनवर झेपावते तेव्हा ती पिल्लं वाचवत असते. मी लगेच खाली घेते.

दुसऱ्या दिवशी देवाचे गोठणे हे गाव. भार्गवरामाचं देऊळ, मागची चढण, वर सडा आणि त्यावर कोरलेली एक मानवाकृती. तिथे साधं होकायंत्र चित्राजवळ धरलं की सुई भलतीच दिशा दाखवते. मी स्वतः दोन वेगवेगळी होकायंत्रं नेली होती, दोन्ही फिरली. जीपीएस आणि होकायंत्र या दोघांच्या आधारे हवेत उभा राहणारा ड्रोन अशा जागी काय करेल सांगता येत नाही, म्हणून परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिथे उडवूच नये. नुसतं बसून बघावं. कोरणाऱ्यांनी हीच जागा का निवडली असेल यावर आम्ही उतरताना पूर्ण वाटभर बोलत होतो.

परतीचा प्रवास गर्दीचा, उशिराचा, लिहिण्यासारखा नाही.

घरी आल्यावर पाकटाचा मोठा फोटो छापून, लॅमिनेशन करून आजोबांना पाठवला. त्यांनी तो पडवीत लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात, असं त्यांच्या नातवाने कळवलं. शेजारच्या वाडीतूनही निरोप आलाय, त्यांच्या सड्यावर "कायतरी गोल गोल" आहे ते बघायला या म्हणून. पावसानंतर गवत वाळून सडा मोकळा होईपर्यंत रेघा दिसणार नाहीत, तेव्हा डिसेंबरात जाईन. त्याआधी खात्रीची एक बॅटरी मिळवायची आहे. मुंबई-पुण्यात कुणाला विश्वासाचा दुकानदार माहीत असेल तर जरूर कळवा.