एल्कवरचा बाण का हुकतो

अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, पावणेतीन लाखांच्या घरात. तरीही सप्टेंबरमध्ये धनुष्य घेऊन डोंगरात शिरलेल्या दहा जणांपैकी एखाददुसऱ्यालाच जनावर मिळतं, बाकीचे रिकाम्या हाताने उतरतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एवढं मोठं धूड चाळीस यार्डांवर उभं असताना बाण चुकतोच कसा, असं लांबून वाटतं. खरं तर बाण सुटण्याच्या क्षणी फार कमी नेम चुकतात. बहुतेक वेळा घोळ त्याच्या दहा मिनिटं आधीच झालेला असतो, वाऱ्यात, उभं राहण्याच्या जागेत किंवा अंतरात.

सगळ्यात जास्त वेळा शिकार वाऱ्यामुळे हातची जाते. डोंगरात वाऱ्याचं घड्याळ असतं. पहाटे थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते. ऊन चढून उतार तापला की तीच हवा वर जायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाकडे खालच्या अंगाने जायचं आणि ऊन तापल्यावर वरच्या अंगाला राहायचं. धोका असतो तो बदलाच्या वेळी, साधारण नऊ-दहाच्या सुमाराला. तेव्हा हवा गोल फिरते, मिनिटामिनिटाला दिशा बदलते. या तासाभरात जवळ सरकायचा मोह आवरावा, लांबून आवाज ऐकत बसावं. ओढ्याच्या खोलगट जागेत आणि दुपारी ढग दाटून आल्यावरही असंच होतं. बिनवासाच्या पावडरीची छोटी बाटली सगळेच बाळगतात, पण ती फक्त हातभर अंतरातला वारा दाखवते. मिल्कवीड या रुईसारख्या झाडाच्या शेंगेतला कापूस सोडला तर तो वीस-तीस यार्ड तरंगत जातो, आणि पुढे वारा कुठे वळतो ते दिसतं. एल्कला तुम्ही दिसलात तर तो कधीकधी थबकून बघत राहतो. वास लागला की थांबत नाही, आणि सगळा कळप दरी ओलांडून जातो.

दुसरी गफलत जागेची. माजावर आलेला नर शिकाऱ्याने काढलेल्या मादीच्या आवाजाला (कॉलला) उत्तर देतो, शीळ घालत चालत येतो, आणि साठ-सत्तर यार्डांवर अडून बसतो. कारण सरळ आहे. आवाज जिथून आला तिथे मादी दिसायला हवी, आणि ती दिसत नाही. अशा वेळी कॉल वाढवून उपयोग नसतो, आधीच जागा बदलायला हवी होती. आवाज काढणाऱ्याने नेमबाजाच्या मागे पन्नास ते शंभर यार्डांवर बसावं. नेमबाजाने अशी जागा धरावी की चढाचा कंगोरा किंवा दाट झाडी ओलांडून नर दिसेल, तेव्हाच तो बाणाच्या टप्प्यात आलेला असेल. नर सरळ येत नाही, वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालून वास घेत येतो. म्हणून नेमबाजाने आवाजाच्या सरळ रेषेत न बसता त्या वळशाच्या बाजूला सरकून बसायचं. आणि झुडपाच्या मागे बसू नये, पुढे सावलीत बसावं. मागे बसलं की धनुष्य खेचायच्या वेळी फांद्या आडव्या येतात. पुढे बसलं तरी मागच्या पानांमुळे अंगाची कड मोडते, तेवढी पुरते.

आता अंतर. हरणं बघायची सवय असलेल्या डोळ्याला एल्क फसवतो. जनावर मोठं असल्यामुळे आहे त्यापेक्षा जवळ वाटतं, आणि बाण पोटाखालून जातो. साधारण २८० फूट प्रतिसेकंद वेगाच्या बाणाचा हिशेब धरला, तर चाळीस यार्ड समजून पंचेचाळीस यार्डांवर सोडलेला बाण पाच-सहा इंच खाली लागतो. पन्नासवर असेल तर जवळजवळ फूटभर. छातीतली मर्माची जागा वरपासून खालपर्यंत पंधरा इंचांच्या आसपास असते, म्हणजे मधोमध धरलेला नेम दहा यार्डांच्या चुकीत पार बाहेर गेला. जागेवर बसल्या बसल्या रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राने, चार-पाच खुणा मोजून ठेवाव्यात: तो वठलेला बुंधा बत्तीस, तो पांढरा दगड एकेचाळीस. नर समोर आल्यावर मोजायला हात हलवायची वेळ उरत नाही. उतारावर रेंजफाइंडरची कोन धरणारी सोय चालू आहे ना, तेही बघा. तीस अंशांच्या उतारावर चाळीस यार्डांचं सरळ अंतर आडव्या मापाने साडेचौतीसच भरतं, आणि चाळीसच्या पिनने (धनुष्यावरची, त्या अंतरासाठी लावलेली नेमाची खूण) सोडलेला बाण वरून जातो. उतारावर नेम धरताना कमरेतून वाकायचं. नुसते हात खाली केले तर खेचण्याची ठेवण बिघडते.

जनावर चालत असताना बाण सोडू नये. चाळीस यार्ड जायला बाणाला साधारण ०.४३ सेकंद लागतो. तेवढ्यात रमतगमत चालणारा एल्कही पावणेदोन-दोन फूट पुढे गेलेला असतो. फुप्फुसावर धरलेला बाण पोटात लागतो, आणि हा सगळ्यात वाईट बाण. मोकळ्या जागेत आला की तोंडातल्या डायफ्रॅमने (पातळ पडद्याच्या शिट्टीने) मादीचा हलका आवाज काढावा, तो थबकतो. धनुष्य मात्र त्याआधीच, त्याचं डोकं झाडामागे गेलं असताना खेचलेलं हवं.

फांदीचं गणित फार कमी जण करतात. डोळ्याला वाट मोकळी दिसते, पण बाण कमानीतून जातो. चाळीस यार्डांच्या नेमात अर्ध्या वाटेवर तो नजरेच्या रेषेपेक्षा सहा-सात इंच वर असतो. यावर साधा उपाय आहे. चाळीसची पिन जनावरावर ठेवा आणि वीसची पिन कुठे पडते ते पाहा. वीस यार्डांवरची फांदी त्या पिनखाली झाकली जात असेल, तर बाण तिलाच लागणार.

सामानातल्या बारीक गोष्टीही नेम घालवतात. थंडीसाठी चढवलेल्या जॅकेटची बाही किंवा दुर्बिणीचा पट्टा दोरीला घासतो. अंधुक उजेडात पीपमधून, म्हणजे दोरीतल्या बारीक भोकातून, पिन दिसत नाही. सराव घरामागच्या सपाट अंगणात टी-शर्टवर झालेला असतो, आणि शिकार दहा हजार फुटांवर, धापा टाकत, गुडघ्यावर बसून करायची असते. पूर्ण कपड्यांत, पाठीवर पिशवी घेऊन, टेकडी धावत चढल्यावर लगेच एकच बाण मारायचा सराव करा. दिवसाचा पहिला बाण कुठे लागला तेवढंच लिहून ठेवा. शिकारीत दुसरा बाण क्वचितच मिळतो. शिकारीला जे ब्रॉडहेड (धारदार पात्यांची टोकं) लावणार, त्यांनीही मारून बघा. सरावाच्या टोकांपेक्षा ते वेगळीकडे जाऊ शकतात.

बंदुकीच्या हंगामातल्या चुका थोड्या वेगळ्या. विमानाने किंवा गाडीत हादरे खात आलेल्या रायफलचा झीरो, म्हणजे नेमाची जुळणी, तळावर पोचल्यावर पुन्हा तपासलेला नसतो. दाट झाडीत रायफलवरची दुर्बीण सर्वांत मोठ्या पॉवरवर राहते आणि जनावर सापडतच नाही. टेकण न घेता उभ्याने बार काढला जातो. वेळ असेल तर पिशवीवर रायफल टेकवा. जिथे शिंगांची अट आहे, तिथे नराच्या एका बाजूला चार टोकं किंवा किमान पाच इंचांचं कपाळटोक (शिंगाच्या बुडाशी, कपाळावर पुढे आलेलं टोक) दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नका.

महाराष्ट्रातून तिकडे स्थायिक झालेल्या आणि नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी एक सूचना. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, त्यामुळे घरातून चालत आलेलं ज्ञान आपल्याकडे नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-शिक्षणाचा दाखला लागतो. तो वर्ग नुसता परवान्यासाठी उरकू नका.

बाण सुटल्यावर ‘हुकला’ असं लगेच ठरवू नये. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. बाण सुटला तेव्हा जनावर कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाशेजारून पळालं, ते लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः उभे होतात तिथे रिबन बांधा, मग बाण शोधा. बाण कोरडा, स्वच्छ, पिसांवर केसही नाहीत, तर हुकला. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा-एक तास थांबून माग काढा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, चार ते सहा तास. हिरवट घाण आणि उग्र वास म्हणजे पोट, आठ ते बारा तास थांबावंच लागतं. लवकर गेलात तर जखमी जनावर उठून दोन दऱ्या पलीकडे जातं. माग काढताना रक्तावर पाय न देता कडेने चाला आणि प्रत्येक थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवा. रक्त दिसेनासं झालं की शेवटच्या थेंबाशी एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने तिथून वर्तुळं वाढवत शोधायचं. बाण सापडलाच नाही, तर जनावराला लागलाय असंच समजून अंधार पडेपर्यंत शोधायचं, आणि सकाळी पुन्हा.